आधी भिंत, मग चित्र

साठी उलटलेल्या माणसाने काय करावे, याविषयी आमच्या सोसायटीत पूर्ण एकमत आहे. सकाळी फिरायला जावे, येताना दूध आणावे, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवावे आणि उरलेला वेळ वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचण्यात घालवावा. यातले काही न करता मी एके दिवशी तैलरंगांची पेटी घेऊन घरी आलो. सौभाग्यवतींनी पेटी उघडली, चोवीस नळ्या मोजल्या, किंमत विचारली आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघरातलं कपाट रंगवायचं राहिलंच आहे. त्याला पुरेल ना एवढा?"

त्यांचा तरी काय दोष? चित्रकलेशी माझा संबंध सुटून पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली होती. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी चांगल्या श्रेणीत पास झालो होतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जावे, असे फार मनात होते. 1857 साली सुरू झालेली ती संस्था आमच्या चाळीपासून बसने अर्ध्या तासावर होती. पण बाबांच्या पगारापासून ती फारच लांब होती. "चित्रांनी पोट भरत नाही," बाबा म्हणाले आणि मी बँकेत चिकटलो.

माझ्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली अक्का तेव्हा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका होती. तिने पगारातून पैसे वाचवून मला रंगांची पत्र्याची पेटी धाडली. सोबत चिठ्ठी होती : "बाबा म्हणतात ते ऐक. पण पेटी जपून ठेव." मी दोन्ही गोष्टी केल्या. बाबांचे ऐकले आणि पेटी इतकी जपली की, माळ्यावर पडल्यापडल्या तिच्यातल्या रंगांचे खडे झाले.

अक्का आता डहाणूला असते. भाऊजी गेल्यावरही चिकूची लहानशी वाडी तिने मोडली नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचे दुखणे निघाले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "कडेचं दिसत राहील, पण नेमकं समोरचं पुसट होत जाईल. आधी वाचन जाईल, मग माणसांचे चेहरे." परतताना लोकलमध्ये अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आता माणसं आवाजावरून ओळखायला शिकलं पाहिजे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. अक्काचे तैलचित्र करायचे आणि तिला दिसते आहे तोवर तिच्यासमोर ठेवायचे, असे मी ठरवले. तैलरंगाचा ब्रश मी त्याआधी हातातसुद्धा धरला नव्हता!

दुधावरची साय

तैलरंग आणि घाई यांचे नाते विळ्याभोपळ्याचे आहे, हे मला ठाऊक नव्हते. अक्काचा एक फोटो समोर ठेवून भर आषाढात मी कामाला लागलो. गालाला चकाकी यावी म्हणून रंगात भरपूर जवसाचे तेल ओतले. थर जाड दिला. दुसऱ्या दिवशी तो वाळला नाही, म्हणून त्याच्यासमोर पंखा लावला. तिसऱ्या दिवशी धीर सुटला आणि त्याच ओल्या थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग फासून चित्र पुरे केले. गणपतीपर्यंत गालाला सुरकुत्या पडल्या. दसऱ्यापर्यंत कपाळावर भेगा गेल्या. अक्का तेव्हा शहात्तर वर्षांची होती. माझ्या चित्रातली शंभरीला टेकली.

आमच्या पेठेतले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर रविवारी चारदोघांना शिकवतात. त्यांच्यापुढे ते चित्र नेऊन ठेवले. त्यांनी ते उजेडात तिरपे धरले, नखाने हळूच टोकरले आणि विचारले, "घरी दूध कोण तापवतं?"

"ही."

"मग त्यांना विचारा. साय वर धरते आणि खाली दूध पातळच असतं. भांडं हललं की साय सुरकुतते. तुमच्या चित्राचं तेच झालंय."

ऑइल पेंटिंगची पहिली इयत्ता मी अशी दुधाच्या पातेल्यापाशी शिकलो. वाचकांपैकी ज्यांना हा नाद करायचा असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पाण्याचा रंग वाळतो तो पाणी उडून जाते म्हणून. तैलरंगातले तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि शेवटी त्याचा चिवट पापुद्रा बनतो. पातळ थर हाताला कोरडा लागायला काही दिवस पुरतात. जाड थराला आठवडे लागतात, आणि आतपर्यंत मुरायला महिने. पंख्याने टर्पेंटाइन लवकर उडेल, तेलाला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. शिवाय सगळे रंग सारख्या वेगाने वाळत नाहीत. बर्न्ट अंबर हा मातकट तपकिरी लवकर आटोपतो. आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो.

यातूनच नियम निघतो : खालच्या थराला तेल कमी, वरच्या थराला तेल जास्त. पहिला हात टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ द्यावा. दुसरा नळीतून निघेल तसा. तेल घालायचेच असेल तर शेवटच्या हाताला, आणि तेही थेंबांनी. जास्त तेलाचा थर खाली राहिला की तो आत हालत राहतो आणि वर लवकर वाळलेला पापुद्रा फाटतो. आणखी एक गोष्ट : सुतार दाराला लावतात ते उकळलेले जवसाचे तेल चित्राला वापरू नये, ते काळवंडते. चित्रकारांसाठी शुद्ध केलेले तेल वेगळे मिळते.

चिकूचे पाठ

"आता चेहरा विसरा," मास्तर म्हणाले. "बहिणीची वाडी कसली आहे म्हणालात? चिकूची ना? मग तीन महिने चिकू काढा. आणि त्या चोवीस नळ्यांतल्या दोनच उघडा, बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट."

मला तो अपमान वाटला. पण नवशिक्याला चिकूसारखा गुरू नाही, हे आता मी अनुभवाने सांगतो. सफरचंद लाल असते, चमकते आणि माणूस त्या लालीच्या नादी लागतो. चिकूला लाली नाही की लकाकी नाही. तो गोल आहे आणि तपकिरी आहे, बस. त्यामुळे उजेड कोठून येतो, सावली कोठे सुरू होते, बशीचा पांढरा उजेड खालून चिकूच्या पोटावर कसा पडतो, एवढेच पाहावे लागते. डोळे किलकिले करून बघायचे, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड, मधला भाग व अंधार असे तीनच तुकडे उरतात. ते तीन तुकडे आपापल्या जागी बसले की कागदावरचा चिकू उचलावासा वाटतो. नाही बसले, तर त्याचा बटाटा होतो. माझे पहिले अकरा बटाटे झाले. एका चित्राचे तीन हात पुरे होईपर्यंत समोरचा चिकू पिकून मऊ पडे आणि नातवंडे तो खाऊन टाकीत, हा व्यवहार मात्र सर्वांना पसंत होता.

त्या रविवारांत मास्तरांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. तैलरंग ही युरोपाची देणगी, असे आपण समजतो. पण अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुंफांत सातव्या शतकातली बौद्ध भित्तिचित्रे आहेत, आणि त्यांतल्या काहींत वाळणारे तेल वापरलेले आहे, असे 2008 साली तज्ज्ञांनी प्रसिद्ध केले. युरोपात ही विद्या नावारूपाला आली त्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट! पूर्वी चित्रकार स्वतः रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. पिळायची पत्र्याची नळी 1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने काढली आणि तेव्हापासून तैलरंग खिशात घालून वाटेल तिथे नेता येऊ लागले.

आपल्याकडे राजा रविवर्मा ही कला शिकला, तीही कोणी हात धरून शिकवली नाही. 1868 साली थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार त्रावणकोर दरबारात आला होता. त्याने शिकवायचे नाकारले. फक्त काम करताना पाहू दिले, असे सांगतात. त्या पाहण्यावर रविवर्म्याने पुढचे सारे उभारले. 1894 साली त्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या तैलचित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. परवा लक्ष्मीपूजनाला तुम्ही जिच्यापुढे पणती लावाल, त्या तसबिरीतल्या लक्ष्मीचे कूळ बहुधा तिथेच निघेल.

तलासरीची भिंत

होळीनंतर अक्काचा फोन आला. तिची एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतः मुलीची आई झाली होती आणि त्या मुलीचे लग्न ठरले होते. "बाईंनी आलंच पाहिजे," असा निरोप होता. अक्काला एकटीने प्रवास करणे आता जमत नव्हते. मी विरारहून डहाणूची लोकल पकडली. ही लोकल 2013 साली डहाणूपर्यंत जाऊ लागली आणि आमच्यासारख्या भावाबहिणींची मोठी सोय झाली. दुसऱ्या दिवशी एसटीने तलासरी आणि तिथून पुढे पाड्यापर्यंत पायी. अक्काने माझा दंड धरला होता, पण वाट तीच दाखवीत होती.

वारल्यांची चित्रे आपण मुंबईत साड्यांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर पाहतो. ती या भागातली. लग्नघरी भिंतीवर चौक काढायचा आणि तो सुवासिनींनी काढायचा, ही मूळ रीत. चौकात पालघट देवी असते, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव.

आम्ही पोहोचलो तेव्हा चित्राचा पत्ता नव्हता. बायका भिंत सारवीत होत्या. आधी शेणमातीचा हात, तो सुकल्यावर वर गेरूचा हात. मग सगळ्या उठून दुसऱ्या कामाला लागल्या. मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी घड्याळ पाहून अक्काच्या विद्यार्थिनीला विचारले, "आता सुरू करणार ना?"

तिने भिंतीला हाताचा पंजा लावला, तळवा पाहिला आणि म्हणाली, "भिंत ओली आहे भाऊ. ओल्या भिंतीवर काढलेलं राहत नाही."

मी चपापलो. बाईला ना टर्पेंटाइन ठाऊक, ना जवसाचे तेल. पण माझ्या फुटलेल्या चित्राचे निदान तिने माझ्या तोंडावर सांगितले होते!

भिंत सुकली. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेला पांढरा रंग आला. बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा ब्रश केला. मग तीन बायका भिंतीशी बसल्या आणि गाणी म्हणत म्हणत आधी चौकाच्या चारी कडा भरू लागल्या. पेन्सिलीची खूण नाही, खोडरबर नाही. गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघा एवढ्यावर झाडे, माणसे, जनावरे, सारा संसार उभा राहिला. एकच पांढरा आणि एकच तांबडा. तरी कोठे कमी आहे, असे वाटेना. संध्याकाळची गाडी मी केव्हाच सोडून दिली होती.

अक्का भिंतीकडे जरा तिरपी मान करून बघत होती. समोर धरलेले तिला दिसत नाही, कडेने दिसते. ती म्हणाली, "मी इथे शिकवायला आले, तेव्हा मला वाटायचं या पोरांना चित्रकला शिकवावी. एका पोराने शाळेची भिंत बघितली आणि म्हणाला, बाई, भिंत सारवलेली नाही, काढू कशावर?"

या भूमीचा सर्वांत नामांकित चित्रकार जिव्या सोमा मशे. त्याचा जन्म 1934 सालचा, याच तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढे तो डहाणू तालुक्यात राहिला. लहानपणी आघात बसून त्याचे बोलणे बंद झाले आणि तो धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागला, असे सांगतात. 1970 नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने इथल्या भिंतींवरची कला कागदावर आणवली. जिव्याची चित्रे 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. 2011 साली त्याला पद्मश्री मिळाली आणि 2018 साली तो वारला. बायकांच्या लग्नविधीतली कला एका पुरुषाने रोजचे काम म्हणून हाती घेतली आणि जगभर नेली. त्याची सुरुवात मात्र धुळीवर बोटाने झाली होती. माझी चोवीस नळ्यांनी!

चार नळ्या

परत आल्यावर मी कॅनव्हासकडे भिंत म्हणून पाहू लागलो. कापडाला तेल थेट लागले की ते कालांतराने कुजते. म्हणून आधी खळीचा हात देतात, त्यावर पांढऱ्या अस्तराचा. बाजारात अस्तर दिलेला तयार कॅनव्हास मिळतो. नवशिक्याने तोच घ्यावा. पण त्या पांढऱ्याशुभ्र पाटीवर एकदम रंगवू नये. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तांबूस रंगाचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग उजेडही दाखवता येतो आणि सावलीही. वारल्यांची गेरूची भिंत हेच काम करते. गंमत अशी की, गेरूतला तांबडा आणि नळीतल्या बर्न्ट सायनातला तांबडा हे दोन्ही लोहाच्या गंजाचेच. महागड्या नळीत आपण मातीच विकत घेतो.

चेहऱ्यासाठी मास्तरांनी चार नळ्या काढून दिल्या : पांढरा, यलो ऑकर म्हणजे पिवळी माती, एक लाल आणि काळा. स्वीडनचा अँडर्स झॉर्न हा मोठा चित्रकार बहुतेक एवढ्यावरच भागवीत असे. "निळा?" मी विचारले. मास्तरांनी काळ्यात पांढरा मिसळला आणि तो करडा रंग पिवळसर तांबड्याशेजारी लावला. तो चक्क निळा दिसू लागला! हीच जादू वापरून अक्काच्या पांढऱ्या केसांतली निळसर सावली मी पुढे काढली.

ब्रश तीनच घ्यावेत, राठ केसांचे, चपटे. काम झाल्यावर चिंधीने पुसून साबणाने धुवावेत. टर्पेंटाइनच्या बाटलीत डोके खाली करून ठेवले तर केस वाकतात. पांढरा टायटॅनियमचा घ्यावा. शिशाचा पांढरा विषारी, तो घरात नको. खिडकी उघडी असावी. आणि घरातल्या बायामाणसांनी हे विशेष ऐकावे : जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. दिवाळीत तर पणत्या आणि टर्पेंटाइन यांची गाठ पडू देऊ नये.

चैत्रात मी डहाणूला जाऊन राहिलो. अक्का सकाळी दोन तास खिडकीशी बसे. पहिल्या दिवशी पातळ रंगाने फक्त उजेड आणि सावली मांडली, चिकूसारखी. मग आठ दिवस थांबलो. मला राहवत नसे. डॉक्टरांचे शब्द कानात असत. दर आठवड्याला तिची नजर थोडी सरते आहे, हे दिसत असे. एकदा मी म्हटले, "अक्का, आज वरचा हात देऊन टाकतो, वाळलंच आहे बहुतेक."

"हात लावून बघितलंस?"

"नाही."

"मग बघ. घाई तुला आहे, मला नाही."

बघितले. बोटाला रंग लागला. आणखी चार दिवस थांबलो.

मृगाच्या आधी चित्र पुरे झाले. तोवर अक्काला समोरचे जवळजवळ दिसेनासे झाले होते. मी चित्र खिडकीच्या उजेडात ठेवले. ती खुर्ची सरकवून बाजूला बसली, मान तिरपी केली, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. पाच मिनिटे काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाक आईचं आलंय. माझं असंच आहे?"

"असंच आहे."

"मला आरशात कळलं नव्हतं कधी." मग तिने हात पुढे केला आणि मी ओरडायच्या आत गालावर बोट टेकवले. बोट नाकाशी नेऊन हुंगले. "ओलं आहे अजून," ती म्हणाली. गालावर तिच्या बोटाचा ठसा उमटला आहे. मास्तर म्हणाले, तो बुजवता येईल. मी बुजवलेला नाही.

चित्राला वार्निश द्यायचे राहिले आहे. आतपर्यंत वाळल्याशिवाय ते देता येत नाही. सहा महिने ते वर्ष थांबावे लागते. येत्या अक्षय्यतृतीयेला देऊ, असे मी अक्काला सांगितले आहे. "भिंत सुकली का, ते आधी बघ," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा यंदा दिवाळीच्या खरेदीत कोणाला एखादा जुना नाद आठवला, तर चोवीस नळ्यांची पेटी घेऊ नका. दोन नळ्या, तीन ब्रश, एक छोटा तयार कॅनव्हास आणि डझनभर चिकू पुरेत. चिकू मात्र डहाणूचेच घ्या. रंगवून झाल्यावर ते खायचे असतात.